मधल्या सुरांचा सिनेमा

‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गणपतीचा मांडव येतो. किशोरकुमारचा आवाज काढणारा गायक, चकचकीत जाकिटातला निवेदक, ऑक्टोपॅडवर वाकलेला पोरगा. १९४२ सालच्या अमेरिकेत या शब्दाचा अर्थ वेगळा होता. चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन, आणि मागे पियानो, गिटार, डबल बास, ड्रम्स. एकूण सतरा माणसं, शिवाय गाणारे. आज या गावच्या नाचघरात वाजवायचं, रात्रीतून सामान बांधायचं, उद्या पुढचं गाव. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांचं बिऱ्हाड जसं पाठीवर असे, तसंच काहीसं. या वादकांच्या बायकांवर ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनं त्या साली एक सिनेमा काढला, ‘ऑर्केस्ट्रा वाइव्ह्ज’. दिग्दर्शक आर्ची मेयो, कॅमेऱ्यामागे ल्युसियन बॅलार्ड, आणि पडद्यावरचा बँड खराखुरा, त्या काळी गाजलेल्या ट्रॉम्बोनवाल्या ग्लेन मिलरचा.

गोष्ट म्हणून सिनेमा बेताचाच आहे. कॉनी नावाची छोट्या गावातली मुलगी बँडमधल्या बिल ॲबट या ट्रंपेटवाल्यावर भाळते, ओळख होते न होते तोच लग्न करून मोकळी होते, आणि त्याच्याबरोबर दौऱ्यावर निघते. आगगाडीत बाकीच्या बायका भेटतात. पत्ते, सिगारेटी, आणि एकमेकींच्या संसारांची धुणी. बँडची गायिका जेनी हिचं आणि बिलचं पूर्वी काही होतं, हे कॉनीला त्यांच्याकडूनच कळतं. कॉनीही मग गप्प बसत नाही. सगळ्यांची अंडीपिल्ली बाहेर येतात, नवरे आपसांत भांडतात आणि बँड फुटतो. शेवटी कॉनी पियानोवाल्याला हाताशी धरून पांगलेल्या वादकांना पुन्हा एकत्र आणते. कॉनी म्हणजे ॲन रदरफर्ड, बिल म्हणजे जॉर्ज माँटगोमरी, जेनी म्हणजे लिन बारी, पियानोवाला सीझर रोमेरो. डबल बास धरून उभा असलेला गोल चेहऱ्याचा तरुण नीट पाहिला तर जॅकी ग्लीसन निघतो. पुढे तो अमेरिकन टेलिव्हिजनवरचा मोठा विनोदी नट झाला.

शीर्षकात बायका आहेत, पण पटकथेनं त्यांना कामाला लावलंय ते चहाड्या करायला. बँड फुटतो तो बायकांच्या तोंडामुळे, ही त्या काळच्या वादकांची आवडती समजूत होती आणि सिनेमानं ती जशीच्या तशी उचलली. तरीही हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो, त्याचं कारण कथेत सापडत नाही. ते कानानं शोधावं लागतं, आणि त्यासाठी पडद्यावर कोण दिसतंय आणि वाजवतंय-गातंय कोण, याचा आधी हिशेब लावावा लागतो.

जेनी गाते तो आवाज लिन बारीचा नव्हे. तो पॅट फ्रायडे या गायिकेचा आहे. आदल्या वर्षीच्या ‘सन व्हॅली सेरेनेड’मध्येही बारीसाठी तीच गायली होती, आणि दोन्हीकडे तिचं नाव श्रेयनामावलीत नाही. माँटगोमरीच्या ओठांना ट्रंपेट लागतं तेव्हा ऐकू येतो मिलरच्या बँडमधला जॉनी बेस्ट. रोमेरोच्या बोटांमागे चमी मॅकग्रेगर, ग्लीसनच्या बासमागे डॉक गोल्डबर्ग. मिलर स्वतः पडद्यावर आहे, पण तोही ‘जीन मॉरिसन’ या नावानं. आद्याक्षरं मात्र तीच ठेवली आहेत, जी. एम. बँडची ओळखीची धूनही तीच, ‘मूनलाइट सेरेनेड’. म्हणजे खोट्या नावाचा खरा बँड, आणि त्यात उसन्या सुरांचे चार-पाच नट.

हिंदी सिनेमावर वाढलेल्याला पार्श्वगायन नवं नाही. पण पार्श्ववादनाचं खोटं पकडणं ही वेगळी गंमत आहे. ट्रंपेटला कळा तीन. त्यांच्या आठ जुळण्या होतात, आणि पहिली-दुसरी मिळून तिसरीइतकीच लांबी येत असल्यानं नळीच्या वेगळ्या लांब्या सातच. नटाला तीन बोटांच्या हालचाली आठवड्याभरात पढवता येतात. पढवता येत नाही तो दम. खरा वादक ओळ सुरू व्हायच्या आधी ओठांचे कोपरे आवळतो, पोटातून श्वास घेतो, मग सूर येतो. नट सूर ऐकू आल्यावर जागा होतो. उंच सुराला खऱ्या वादकाच्या गळ्याशी ताण दिसतो, नटाच्या फक्त भुवया वर जातात. ट्रॉम्बोनवाल्याला तर लपायला जागाच नाही. सरकनळीच्या सात जागा असतात आणि प्रत्येक सुराला ठरावीक जागा लागते, ती लांबूनही दिसते. म्हणून शहाणा दिग्दर्शक ट्रॉम्बोन नटाच्या हाती देत नाही. मिलरचं वाद्य ट्रॉम्बोनच होतं, त्यामुळे इथे तो प्रश्न आला नाही.

अशी गाणी आधी ध्वनिमुद्रित होत, मग सेटवर लाउडस्पीकरवर ती लावून वादक त्याबरहुकूम हात चालवत. इथे अडचण अशी की सतरा जणांनी गाल खरे दिसावेत म्हणून खरंच फुंकलं, तर लाउडस्पीकर कोणालाच ऐकू येत नाही आणि सगळे मिळून पुढे पळतात. सेकंदाला चोवीस चौकटी धावतात. दोन-तीन चौकटींची चूक झाली की काठी झांजेवर पडायच्या आधीच झांज वाजते, आणि का खटकतंय हे प्रेक्षकाला सांगता आलं नाही तरी खटकतंच. म्हणून अशा चित्रणात ड्रमवाला काठ्या अलगद टेकवतो आणि ब्रासवाले, म्हणजे ट्रंपेट-ट्रॉम्बोनवाले, हवा सोडतात, सूर सोडत नाहीत. मिलरच्या माणसांना स्वतःचंच वाजवणं पुन्हा अभिनयानं करायचं होतं. ती मंडळी वर्षानुवर्षं रोज रात्री हेच वाजवत आलेली, म्हणून सिनेमात सगळ्यात विश्वासार्ह अभिनय बाकड्यावर बसलेल्यांचा आहे. मिलरचं स्वतःचं तसं नाही. बोलायची वेळ आली की तो हेडमास्तरासारखा ताठतो.

आता कानाकडे. मिलरच्या बँडचा जो रेशमी, थोडा हळवा आवाज जगाला ठाऊक आहे तो सॅक्सोफोनचा नाही, सॅक्सोफोनांवर बसवलेल्या एका क्लॅरिनेटचा आहे. एरवी मुख्य ओळ पहिल्या अल्टो सॅक्सोफोनकडे असे. मिलरनं ती विल्बर श्वार्ट्झच्या क्लॅरिनेटला दिली, तीच ओळ एका टेनर सॅक्सोफोनला सप्तकभर खाली दिली, आणि मधल्या मोकळ्या जागेत उरलेले तीन सॅक्सोफोन सुराला सूर लावून बसवले. लिहिणाऱ्याची एक सोयही यात आहे. क्लॅरिनेट आणि टेनर दोन्ही बी-फ्लॅटची वाद्यं, त्यामुळे कागदावर दोघांना एकच स्वरलेखन द्यायचं. क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली वाजते, टेनर त्याहून आणखी एक सप्तक खाली.

घरात पेटी असेल तर हे पाच मिनिटांत हाताखाली येतं. बेसचा स्टॉप बंद ठेवा, कपलर असेल तर काढून टाका, नाहीतर खालचं सप्तक आपोआप मिसळतं आणि सगळा गाळ होतो. सा पांढरी एकचा धरा. उजव्या हाताची पाचही बोटं अशी ठेवा: अंगठा मंद्र ध वर, मग सा, ग, प, आणि करंगळी मध्य ध वर. करंगळी म्हणजे क्लॅरिनेट, अंगठा म्हणजे टेनर, मधली तीन बोटं म्हणजे बाकीचे तीन सॅक्सोफोन. भाता सावकाश ओढा. आता करंगळी नी वर न्या. बाकीची बोटं आहेत तिथेच ठेवली तर कडू लागेल. अंगठाही मंद्र नी वर हवा, आणि मध्ये रे, म, कोमल ध. पुढे तार सा ला जा आणि खाली घ्या मध्य सा, ग, प, ध. ध, नी, सा अशी साधी चढण झाली, पण पाचही बोटं प्रत्येक सुरावर हलली. हीच त्या लेखनाची मेख आहे. सा, ग, प, ध यांपैकी सूर मुख्य ओळीत आला की खाली त्याच चौघांची जुळणी, आणि रे, म, नी आला की रे-म-कोमल ध-नी ही दुसरी जुळणी. दोन चौकड्या आलटून पालटून येतात, म्हणून कान एका सुरावर थांबत नाही आणि भरकटतही नाही.

आता एक प्रयोग करा. करंगळी आणि अंगठा तसेच ठेवून मधलं एकच बोट उचला. मुख्य ओळ जशीच्या तशी ऐकू येते. तरी काहीतरी गेलंय, दात पडल्यासारखं. काय गेलं ते मात्र नेमकं सांगता येत नाही. मिलरच्या बँडमध्ये ही मधली बोटं होण्याचं काम अतिशय चांगले वादक करत होते. टेनरवर टेक्स बेनिकी लोकांचा लाडका होता, त्याला एकट्याचे तुकडे मिळत आणि गायलाही मिळे. शेजारी बसलेला ॲल क्लिंक तोलामोलाचा, पण त्याच्या वाट्याला असे तुकडे फार थोडे आले. सिनेमा पाहताना सॅक्सोफोनची रांग दिसली की क्लिंककडे बघावं. नुसतं बसणं कसं असतं ते तिथे दिसतं.

ही जुळणी बिघडते कशी, तेही सांगायला हवं, कारण त्या सुरांची नक्कल असंख्य बँडांनी केली आणि बहुतेकांची फसली. पहिलं कारण कंप. सॅक्सोफोनवाला जबडा हलवून सूर थरथरवतो. क्लॅरिनेट शिकलेला माणूस बहुधा सरळ सूर धरायला शिकलेला असतो. वरचा सरळ आणि खालचा थरथरता असला की सप्तक जुळत नाही, दोन माणसं वाजवताहेत हे लगेच कळतं. पाचही जणांचा कंप एकाच वेगाचा हवा, आणि तो फक्त रोज एकत्र वाजवूनच येतो. दुसरं कारण जोर. क्लॅरिनेट जोरात फुंकली की सूर उतरतो, अगदी हळू फुंकली की चढतो. म्हणजे गाणं मंद होत जाताना, नेमकं जिथे सगळं नाजूक असतं तिथे, वरचा सूर तीव्र व्हायला लागतो. तिसरं कारण हवामान. नळीतली हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की सूर सुमारे तीन सेंट चढतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. थंड नळी दहा अंशांनी तापली तर अर्धस्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. लाकडी क्लॅरिनेट तर थंडीतून आणून एकदम जोरात फुंकली तर तडकतेसुद्धा. आणि पियानो? तो बँडबरोबर प्रवास करत नाही. प्रत्येक गावच्या नाचघरातला पियानो वेगळ्या सुराचा, कधी दोन-चार पट्ट्या मुक्या. तेरा फुंकवाद्यांनी मग त्याच्याकडे सरकायचं. क्लॅरिनेटचा बॅरल थोडा बाहेर ओढायचा, ट्रंपेटची सूर-नळी सारायची, आणि पहिल्या दोन गाण्यांत जे होईल ते नाचणाऱ्यांनी ऐकून घ्यायचं.

इथे बायकांकडे परत यावं लागतं. बँडच्या कामाचे दोन प्रकार होते. एक म्हणजे एकेका रात्रीचे कार्यक्रम, दुसरा म्हणजे एखाद्या हॉटेलात काही आठवड्यांचा मुक्काम. मिलरचा असा मुक्काम न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया हॉटेलातल्या कॅफे रूजमध्ये असे. मुक्कामात पैसा कमी सुटे, पण रेडिओची तार हॉटेलातच आलेली असे, आणि रात्री उशिरा तिथून थेट प्रक्षेपण झालं की पुढच्या दौऱ्याची तिकिटं खपत. बायकोच्या दृष्टीनं मुक्काम म्हणजे चार दिवस तरी एक खोली, एक चूल, एक धोबी. दौरा म्हणजे सुटकेस. मिलरवर याखेरीज सिगारेट कंपनीच्या रेडिओ कार्यक्रमाचं बंधन होतं. आठवड्यातून तीन रात्री, पंधरा-पंधरा मिनिटं. त्या तीन रात्री जिथून प्रक्षेपण करता येईल तिथे हजर राहायचं आणि मधल्या रात्रींत पैसे मिळवायचे.

सिनेमातल्या बायका आगगाडीच्या ऐसपैस डब्यात फिरतात. बँडांचा नेहमीचा प्रवास बसचा होता, त्यात वाद्यांच्या पेट्या, कपड्यांच्या ट्रंका आणि झोपलेली माणसं, बायकांना जागा फारशी नसेच. १९४२ मध्ये तोही प्रवास अवघड झाला. जानेवारीत टायरचं रेशनिंग सुरू झालं, मे महिन्यात पूर्व किनाऱ्यावर पेट्रोलचं, डिसेंबरात देशभर. सिनेमा पडद्यावर आला तेव्हा त्यातलं जग आतून संपत आलं होतं. १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेनं रेकॉर्ड कंपन्यांसाठी वाजवणंच बंद केलं. मिलरनं जुलैच्या मध्यात शेवटच्या रेकॉर्डी करून ठेवल्या होत्या.

म्हणून या ध्वनिपट्टीचं मोल मोठं आहे. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास मावत. सिनेमात ती अट नव्हती. शिवाय फॉक्सच्या ध्वनिमंचावर एकाच वेळी निरनिराळ्या मायक्रोफोनांचे आवाज वेगवेगळ्या फिल्मपट्ट्यांवर घेतले जात, म्हणजे नंतर समतोल साधायला सोपं. त्या पट्ट्या टिकल्या, आणि पुढच्या काळात त्या जुळवून मिलरच्या बँडची खरीखुरी स्टीरिओ ध्वनिमुद्रणं तयार करता आली. त्यात मधल्या बोटांची जागा डावी-उजवी अशी सुटी ऐकू येते. रेकॉर्डवर ती एकत्र चिकटलेली असते.

गाणी हॅरी वॉरन आणि मॅक गॉर्डन यांची. ‘ॲट लास्ट’ मुळात ‘सन व्हॅली सेरेनेड’साठी केलेलं, तिथे ते गायलं गेलंच नाही, नुसतं वाद्यांवर आलं. इथे बँडचा गायक रे एबर्ली आणि पॅट फ्रायडेच्या आवाजात ते पहिल्यांदा शब्दांसकट पडद्यावर आलं. आज बहुतेकांना ते एटा जेम्सचं वाटतं. ‘कलमझू’ हे बेनिकी, बँडची गायिका मॅरियन हटन आणि मॉडर्नेअर्स हा गायकांचा चमू यांचं, गावाच्या नावाची अक्षरं सुटी करून गायचं गमतीचं गाणं. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, पण समोर ‘व्हाइट ख्रिसमस’ उभं होतं. ‘सेरेनेड इन ब्लू’ची प्रस्तावना मात्र तिन्हींत श्रेष्ठ. गाणं सुरू व्हायच्या आधीच बँड कुठल्या कुठे फिरून येतो, आणि मग सूर सापडल्यावर हायसं वाटतं.

‘कलमझू’ संपताना निकोलस बंधू हे काळे नर्तक येतात, फेयार्ड आणि हॅरल्ड. भिंतीवर धावत चढणं, उलटी कोलांटी घेऊन पाय पसरून जमिनीवर उतरणं, हात न टेकता सरळ उभं राहणं. सिनेमातली ही सर्वांत जिवंत मिनिटं, आणि कथेचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. त्याचं कारण कलेत शोधायला नको. काळ्या कलाकारांचे प्रवेश दक्षिणेतल्या थिएटरांना कापून टाकता यावेत, म्हणून ते असे सुटे ठेवायची स्टुडिओंची रीत होती. बँड गोरा, बायका गोऱ्या, आणि ज्यांच्या संगीतातून हे सगळं उगवलं ते दोन पाहुणे म्हणून शेवटी.

मुंबईत त्याच काळात ताजमहाल हॉटेलात गोव्याचे वादक हेच स्विंग, म्हणजे नाचाचं जाझ, वाजवत होते. त्यातला आंतोनियो शाव्हियर वाझ, म्हणजे ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, पुढे सी. रामचंद्रांबरोबर आला, आणि भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) तो आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. पुणतांब्याचे रामचंद्र, दादरचे भगवान आणि गोव्याचं ट्रंपेट यांची ती भेट बघितली की मिलरचा सिनेमा आपल्याला इतका ओळखीचा का वाटतो ते उमगतं. हिंदी सिनेमाच्या श्रेयनामावलीत अशा गोवेकर अरेंजरांची आणि वादकांची नावं क्वचितच आली. आपलीही मधली बोटं होती.

पडद्यावर कॉनी बँडला पुन्हा जोडते. बाहेर उलटं घडलं. मिलरनं सैन्यात जायचं ठरवलं होतं. २७ सप्टेंबर १९४२ ला न्यू जर्सीतल्या पॅसेइक गावच्या सेंट्रल थिएटरात बँडचा शेवटचा खेळ झाला. ‘मूनलाइट सेरेनेड’ चालू असताना मॅरियन हटनला रडू आवरेना, ब्रासवाल्यांचे सूर हलायला लागले, आणि धून पुरी व्हायच्या आधीच पडदा पाडला. सिनेमा तेव्हा नुकताच लागला होता. १५ डिसेंबर १९४४ ला इंग्लंडहून फ्रान्सकडे निघालेलं मिलरचं छोटं विमान समुद्रावर नाहीसं झालं. १९४५ मध्ये सैन्यानं त्याला दिलेलं पदक घ्यायला त्याची बायको हेलन आली होती.